अक्षय तृतीयेचं पान

अमरावतीत उन्हाळा कॅलेंडर पाहून येत नाही, कूलर पाहून येतो. होळी झाली की गच्चीवर पालथे घातलेले कूलर खाली उतरतात. जाळ्यांतलं मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत निघतं, नवं भरलं जातं. पंप चालतो की नाही हे पाहायला घरातला प्रत्येक पुरुष एकेकदा टाकीत हात घालून बघतो, आणि शेवटी कूलरवाल्या भाईंनाच बोलवावं लागतं. ते आमच्या गल्लीत समोरच राहतात. येतात, पंपाला एक चापट मारतात, की पाणी सुरू. पहिल्या दिवशी कूलर लागला की ओल्या गवताचा जो वास घरभर पसरतो, तो मला कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. त्या दिवशी आमच्याकडे दुपारी काहीतरी गोड होतं. कोणी नेमून दिलेलं नाही, पण कूलर बसवणं हा आमच्या घरचा सणच आहे.

नवऱ्याचे पुण्याचे नातेवाईक एप्रिल लागला की फोन करतात आणि आवाजात कळवळा आणून विचारतात, कसे राहता हो तुम्ही तिकडे? जसे काही आम्ही भट्टीत बसून भाकरी खातो. मी त्यांना दरवर्षी सांगते की एकदा उन्हाळ्यात येऊन तर बघा. ते येत नाहीत आणि आमचं काही अडत नाही. माझी बहीण अकोल्याला दिली आहे, तिचं वेगळंच. तिला उन्हाचा अभिमान आहे. संध्याकाळी फोन आला की आधी तापमान. अकोल्याचा पारा अमरावतीच्या वर गेला असेल, आणि तो बहुतेक वेळा जातोच, तर तिचा आवाज असा चढतो की जणू पारा तिनंच स्वतःच्या हातानं वर नेला. मी म्हणते, घे बाई, तू जिंकलीस. मग ती खुशीत येऊन कैऱ्या किती आणल्या ते सांगते.

आमचं माहेर मूर्तिजापूरकडचं, काळ्या मातीतलं. तिथे उन्हाळा म्हणजे शेतात काम नाही आणि घरात माणूस नाही, सगळे लग्नांना गेलेले. शहरातला उन्हाळा मी लग्न होऊन इथे आल्यावर पाहिला आणि त्याच्या प्रेमातच पडले. पहाटे पाचला इतवारा बाजार भरात असतो. कैरी, काकडी, टरबुजं, पाणी मारून ताजा केलेला सांबार. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दहानंतर शहर हळूहळू आत जातं. रस्त्यावर जो दिसेल त्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा, फक्त डोळे उघडे, त्यावर काळा चष्मा. सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखू येत नाही. दुपारी सगळीकडे चिडीचूप, नुसती कूलरची घरघर. आणि साडेपाच-सहाला कोणीतरी कळ दाबल्यासारखं सगळं शहर दारं उघडून बाहेर पडतं. अंगणात सडे पडतात, रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात, राजकमल चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही.

आणि सण तरी किती! उन्हाळ्यात माणसानं गप्प पडून राहावं, ही अक्कल आमच्या शहराला नाही, हे फार बरं आहे. पाडव्याला गुढीच्या गाठी. लगेच चैत्राचं नवरात्र, अंबादेवीला रांगा. रामनवमीला शोभायात्रा, आणि तिच्या वाटेवर घरोघरी टेबलं मांडलेली. कोणाचा मठ्ठा, कोणाचं पन्हं, कोणाचं नुसतं माठातलं पाणी, पण आग्रह असा की प्यायल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. अकोल्याची रामनवमी तर आमच्याहून मोठी, हे मी बहिणीसमोर कधी कबूल करत नाही, इथे करते. मग महावीर जयंती. चौदा एप्रिलला निळे झेंडे, ढोल, चौकाचौकांत जेवणाचे स्टॉल. हनुमान जयंतीचा महाप्रसाद. गेली काही वर्षं रमजानही उन्हाळ्यातच येत होता, म्हणजे संध्याकाळी खजूर आणि फळांच्या गाड्यांची रांग. आणि या सगळ्यांच्या मध्ये जिथे जागा सापडेल तिथे लग्नं.

मी हे सगळे सण खाल्ले आहेत. केले आहेत असं म्हणणं खोटं होईल. करणारे वेगळे, त्यांचे हात भाजतात. माझं काम खाण्याचं. माझ्या आईनं एकच गोष्ट बजावली होती, देणाऱ्याचा हात मागे फिरवू नये, आणि मी ती आयुष्यभर पाळली. शाळेत पोरांना मी शिस्तीची वाटते, पण महाप्रसादाच्या पंगतीत मला कोणी पाहिलं तर शिस्तीचं नाव काढणार नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पोटाइतका सर्वधर्मसमभाव राज्यघटनेतसुद्धा नसेल.

याच खाण्यापायी मला एक मोठा मान मिळाला, आणि याच खाण्यापायी तो जवळजवळ गेलाही. तेच सांगायचं आहे.

आमच्या फुलवाल्या भाऊंची शहराच्या कडेला, वडाळीच्या पलीकडे थोडी जमीन आहे. मोगरा, गुलाब, झेंडू पिकवतात आणि स्वतःच बाजारात विकायला बसतात. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे. बोलणं असं रोखठोक की नवं गिऱ्हाईक बिचकतं. मोगऱ्याचा भाव कमी करा म्हटलं की ते कळ्यांकडे बोट दाखवून म्हणतात, पहाटे चारला उठून तुमी तोडा, फुकट नेजा. पण कळी कधी शिळी देणार नाहीत. उन्हाळ्यात त्यांचा मोगरा ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणावा, संध्याकाळी उलगडावा, सगळ्या कळ्या डोळे उघडून बसलेल्या. अशा माणसावर कोणाचा राग टिकत नाही.

नऊ-दहा वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेच्या आधी आठवडाभर त्यांनी मला फुलं बांधून देता देता विचारलं, "बाई, तिजेले आमच्या घरी जेवाले याल का? मायच्या नावानं."

वऱ्हाडात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांना जेवू घालतात. मातीचं भांडं पाण्यानं भरायचं, त्यात वाळा टाकायचा, वर आंबा ठेवायचा. पुरणाची पोळी, आंब्याचा रस, कुरड्या, वडे, चिंच-गुळाचं पाणी. गोवरीच्या निखाऱ्यावर नैवेद्याचा घास टाकायचा. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवायचं. पुरुष गेलेला असेल तर पुरुष, बाई गेलेली असेल तर बाई. त्याला पितर म्हणतात. पितरानं अनशापोटी यायचं, सकाळपासून चहासुद्धा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या घरी बसायचं नाही. त्यानं हात धुतल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. भरल्या पोटी कोणी पानावर बसलं, तर गेलेलं माणूस दारावरून उपाशी परत जातं आणि वर्षभर उपाशी राहतं, असं मानतात. भाऊंकडे आधी त्यांची एक मावशी बसायची. ती अंथरुणाला खिळली म्हणून जागा रिकामी झाली होती.

मला हसूच आलं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे, मी तुमची आई कशी व्हायची? त्यांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "मारुतीच्या पंगतीत मी तुमाले जेवताना पायलं. तुमी मन लावून जेवता. मले तसंच मानूस पायजे."

खाण्याबद्दल आयुष्यात मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र. मी हो म्हटलं.

त्या पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून गेले होते. दारात पाऊल ठेवलं तसा भाऊंनी तांब्या उचलला आणि माझे पाय धुतले. हेच ते, जे बाजारात मला एक कळी जास्त देत नाहीत. वहिनींनी हळद-कुंकू लावलं, केसांत गजरा माळला, पाटावर बसवलं. मग मी जेवत होते आणि भाऊ हातपंखा घेऊन उभे होते. त्यांचा मुलगा, सून भिंतीशी बसलेले, कोणाच्या पोटात अन्नाचा कण नाही. पोळी संपायच्या आत भाऊ म्हणायचे, "माय, अजून घे." बाई नाही, माय. आणि मी घेतली की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते पाहून मी आणखी एक घेत असे. जेवून हात धुतले, तेव्हा ते पायाशी वाकले. मला त्या वेळी लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा बाई, पुन्हा तोच भाव.

तेव्हापासून दरवर्षी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत बायका थट्टा करायच्या, तुमचा मोठा मुलगा कसा आहे म्हणून विचारायच्या. करू देत. मला त्या मानाची सवय लागली होती, खरं तर हावच. एप्रिल उजाडला की मी भाऊंच्या आमंत्रणाची वाट पाहू लागायचे. त्यांची आई कोण होती, कशी होती, हे मी कधी विचारलं नाही. फुलं ओवायची एवढंच ठाऊक होतं. विचारायला भीती वाटायची. माझ्या जेवण्यात काही कमी निघालं असतं तर?

तीन-चार वर्षांपूर्वी अक्षय तृतीया आणि ईद एकाच दिवशी आल्या. बाजाराला वेड लागायची वेळ. एका बाजूला मातीच्या भांड्यांचे आणि आंब्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला शेवया, सुकामेवा आणि नव्या कपड्यांची दुकानं, आणि त्यातून वाट काढत चाललेली लग्नाची वरात. आदल्या संध्याकाळी मी भाजी आणायला गेले आणि काहीच न घेता नुसती बघत उभी राहिले. असं शहर मला मिळालं याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

सकाळी नऊच्या सुमारास कूलरवाल्या भाईंच्या बायकोनं दार वाजवलं. आम्ही त्यांना भाभी म्हणतो. नवा हिरवा सूट, हातात मोठा स्टीलचा डबा. दरवर्षी ईदला त्या आमच्याकडे शीरखुरमा घेऊन येतात, डबा देऊन जात नाहीत. समोर बसून खायला लावतात आणि रिकामा डबा घेऊन जातात, कारण पुढच्या घरीही तोच न्यायचा असतो. मी दोन वाट्या आणल्या, एक नवऱ्याला, एक मला. सकाळपासून चहा नव्हता म्हणून माझं डोकं जड झालेलं. तो दुधाचा, खजुराचा, तुपात परतलेल्या शेवयांचा वास नाकात गेला आणि मला जगात दुसरं काही आठवेना. वाटी संपवली. भाभींनी विचारलं, और? मी वाटी पुढे केली. दुसरीही संपवली. तळाशी राहिलेली चारोळी बोटानं चाटून खाल्ली. भाभी खूश होऊन गेल्या.

दार लावलं आणि नवरा तोंडातला चमचा तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागला. "अगं," तो म्हणाला, "तुला आज भाऊंकडे पितर म्हणून जायचं आहे ना?"

तोंडात खजुराची चव अजून होती. सकाळपासून चहा का घेतला नव्हता, तेही मी विसरले होते. सवयीनं हात पुढे गेला होता, बस्स. आईचा नियम पाळता पाळता मी भाऊंच्या आईचा नियम मोडून बसले होते.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. कोणाला कळणार आहे? जा, गुपचूप बस, जेव आणि ये. सांगायला जाशील तर हात दाखवून अवलक्षण होईल. शिवाय ती बिचारी सगळी उपाशी बसली आहेत, त्यांना ऐनवेळी दुसरी बाई कुठून मिळायची? तेही खरं होतं. अक्षय तृतीयेला पितर मिळणं म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी बँडवाला मिळण्याइतकं कठीण. प्रत्येक बाई कोणाच्या तरी घरी सांगून ठेवलेली असते. माझ्या ओळखीच्या चार बायकांना मी फोन केले. चौघीही कोणाची ना कोणाची आई, सासू होऊन बसायला निघाल्या होत्या.

भाऊंना फोन लावायला हातात घेतला आणि ठेवून दिला. असं फोनवर सांगायचं नसतं. बाराच्या आत निखाऱ्यावर घास पडायला हवा होता. साडेदहा वाजले होते. दुपट्टा बांधला, स्कूटी काढली.

एरवी त्या दिवशी मी शहर बघत गेले असते. ईदगाहाकडून येणारी माणसं एकमेकांना गळामिठी घालत होती. छोट्या मुली चमचम करणाऱ्या घागऱ्यांत आइस्क्रीमच्या गाडीभोवती. एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हातांत मातीची भांडी घेऊन रस्ता ओलांडायची वाट पाहत उभे, तर बँडवाल्यांनी त्यांच्यासाठी वाजवणं थांबवून वाट दिली. हे सगळं मी दुपट्ट्याच्या फटीतून पाहिलं आणि मला त्याचा आनंद घेता आला नाही. डोक्यात एकच चाललं होतं. गप्प बसले तर कोणाला कळणार नाही, पण ते पाय धुतील. मी भरल्या पोटी पाटावर बसलेली, आणि तो साठीचा माणूस माझ्या पायांवर पाणी घालत असेल. ते मला सहन झालं नसतं. आणि सांगितलं, तर त्यांची आई या वर्षी दारावरून उपाशी जाणार, माझ्या जिभेपायी. पितराबितरावर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. पण भाऊंचा आहे, आणि सहा वर्षं मी त्या विश्वासाच्या पोळ्या खाल्ल्या होत्या.

त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली निखारे तयार होते. पाटाभोवती रांगोळी काढलेली. वहिनी झाकण काढून रस ढवळत होत्या. मुलगा, सून सावलीत बसलेले. भाऊ धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, हातात तांब्या घेऊन दारातच उभे. मी उंबऱ्याबाहेर थांबले. दुपट्टाही सोडला नाही.

मी सगळं सांगितलं. ईद होती, खुरमा आला, मी विसरले, दोन वाट्या खाल्ल्या. सांगताना माझा आवाज शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा झाला होता. आता मी पानावर बसू शकत नाही, मला माफ करा, एवढं म्हणून मी थांबले.

वहिनींचा हात रसाच्या पातेल्यात थांबला. त्या कपाळाला हात लावून खालीच बसल्या. रागावल्या, आणि त्यांनी रागवावंच. पहाटेपासून चुलीशी होत्या, पुरण पाट्यावर वाटलं होतं. आता या उन्हात मी कोणाचं दार ठोठावू, पोरं किती वेळ उपाशी ठेवू, असं त्या सुनेकडे बघून बोलत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मुलगा उठून शेजारी विचारून येतो म्हणाला.

भाऊ दारातच उभे. तांब्या तसाच हातात. मग त्यांनी मला विचारलं, "पोट भरलं का?"

मला वाटलं टोमणा मारला. मी मान खाली घालून हो म्हटलं.

"चांगलं भरलं? पुरतं?"

पुरतं, मी म्हटलं.

ते उंबऱ्यावर बसले. मुलाला हातानंच थांब म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडून, सहा वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या आईबद्दल ऐकलं. घरात पाच पोरं. लग्नसराईत ती पहाटेपासून हार ओवायची. दुपारी सगळ्यांना वाढायची आणि स्वतः टोपलीशी बसायची. तू केव्हा जेवणार असं विचारलं की म्हणायची, तुमी जेवा, मी मांगून जेवीन. ते मागून कधी यायचं ते कोणी पाहिलं नव्हतं. ती गेली तो दिवसही उन्हाळ्यातलाच. भाऊ फुलं घेऊन रेल्वेनं धामणगावला एका लग्नाला गेले होते, गाडी चुकली, यायला दिवस कलला. मुलगा आल्याशिवाय कशी जेवू म्हणून ती थांबली होती. उन्हात बाहेर वाट बघत बसली होती की काय, कोणाला सांगता आलं नाही.

"मी आलो तं थे गेलती. ताट झाकूनच होतं," भाऊ म्हणाले. "माही माय जेवलेली मी कवा पायलीच नाई, बाई. दरसाली मी तिले बलावतो अन् दरसाली थे उपाशीच येते."

त्यांनी तांब्या पुन्हा नीट धरला. "आज पयल्यांदा माय माह्या दारात जेवून आली."

ते उठले. मी अजून उंबऱ्याबाहेरच होते. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. पाणी माठातलं होतं, गार. मला रडू आवरलं नाही आणि दुपट्टा बांधलेला होता ते बरंच झालं.

वहिनींना हे पटलं नव्हतं, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सांगत होत्या. पण त्यांनी पान वाढलं. मी पाटावर बसले. निखाऱ्यावर घास पडला, तुपाचा धूर उठला. दरवर्षी या वेळी भाऊ पंखा घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. या वर्षी त्यांनी पंखा मुलाच्या हातात दिला, भिंतीला टेकून ठेवलेला दुसरा पाट ओढला, माझ्या शेजारी टाकला आणि बायकोला म्हणाले, मलेही वाढ. वहिनी चपापल्या. पितराचं उरकल्याशिवाय घरातल्या कर्त्यानं जेवायचं नसतं, हे त्यांनी हळूच बोलून दाखवलं.

"माय जेवून आली न व," भाऊ म्हणाले. "मंग आता मले भूक लागली."

आणि माझा हात पोळीला लागायच्या आत त्यांनी पहिला घास तोंडात घातला.